राघोने बुजवलेली भोकं

घोडबंदरच्या खाडीवर लाकडी होड्या होत्या तोवर राघो म्हणजे मोठं प्रस्थ होतं. फळीला फळी भिडते तिथल्या फटीत सुताची वात ठोकून बसवायची, वर राळ आणि तेल कढवून भरायचं, हे काम त्याच्यासारखं कुणाला जमलं नाही. "माझ्या हातची होडी पानी पीत न्हाय," असं तो म्हणायचा आणि ते खरंही होतं. माणूस मात्र खवट. दुसऱ्याच्या होडीत जरा ओल दिसली की याला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या.

सगळ्यात जास्त भोगलं ते दत्तारामने. दत्ताराम म्हणजे राघोची बायको शालन, तिचा धाकटा भाऊ. एका वर्षी गणपती बुडवायला निघताना त्याने आपली होडी आपणच बुजवली, राघोला विचारलं नाही. मूर्ती घेऊन मध्यावर गेले आणि तळातून पाणी चढलं. माणसं वाचली, होडीही कशीबशी काठाला लागली. तिथे राघोने पत्र्याचा डबा त्याच्या हातात कोंबला आणि अख्ख्या गावासमोर त्याला पाणी उपसायला लावलं, तेही मोठ्याने मोजत. "मोज रं. किती प्याली तुझी म्हस, गावाला कळू दे." दत्तारामचं लग्न होऊन महिना झाला नव्हता. नवी नवरी काठावर उभी होती. एकशे चाळीस डबे निघाले. त्या दिवसापासून दत्तारामचं नाव डबा. आज तीस वर्षं उलटून गेली त्या गोष्टीला, त्याचा नातू बालवाडीत जातो, तर त्यालाही डब्याचा नातू म्हणतात. शालनने एवढ्या वर्षांत दोनदा तो विषय काढला असेल. दोन्ही वेळा राघो पोट धरून हसला.

पुढे लाकडी होड्या मोडीत गेल्या, राघोच्या हाताला काम उरलं नाही. मग गावातल्याच जितेश नावाच्या पोराने खाडीकाठी, आपल्या आजोबांच्या मिठागराच्या बांधाला लागून, बोटिंग सुरू केलं. पिवळ्या, केशरी प्लास्टिकच्या सहा कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्या, आणल्या. शालनने जितेशच्या आईकडे जाऊन शब्द टाकला आणि राघोला तिथे ठेवून घेतलं. काम होड्या धुण्याचं, पाण्यात लोटण्याचं. तेवढ्यावरही राघो खूश होता, कारण पाय खाडीत राहत होते.

पहिल्याच दिवशी त्याने एक कयाक पालथी घातली आणि बघतच राहिला. तळाला आरपार आठ भोकं. हाटकेशहून येणाऱ्या नीलेशने, तो गिऱ्हाइकांना वल्हं मारायला शिकवायचा, त्याला घाईघाईत सांगितलं की ही होडी आतून पोकळ आहे, बंद डब्यासारखी. भोकं म्हणजे आरपार नळ्या, त्या पोकळीत उघडत नाहीत, म्हणून ती बुडत नाही. वरून आलेलं पाणी त्याच भोकांतून खाली निघून जातं. राघोने मान हलवली आणि मनात म्हटलं, याने जन्मात कधी होडी बघितली आहे का?

पण जड माणूस बसला की होडी दबायची आणि खालचं पाणी त्याच भोकांतून बसायच्या खळग्यात यायचं. गिऱ्हाइकं ओली पँट घेऊन उतरायची आणि तोंड वाकडं करायची. एका शनिवारी जितेशने चार माणसांत राघोला हाक मारली. आवाज गोड ठेवून म्हणाला, "काका, उद्या कुणी ओला उतरला ना, तर सोमवारपासून तुम्ही झाडू घ्यायचा. होडीला हात नाही लावायचा."

राघोला झाडूपेक्षा जास्त झोंबला तो ओला हा शब्द. त्याने घरून हातोडी आणली, चुलीवर राळ कढवली आणि दिवस मावळायच्या आत सहा कयाकची अठ्ठेचाळीस भोकं बुजवली. वरून वात, खालून वात, दोन्हीकडून ठोकून.

रविवारी सकाळी नीलेशने ते बघितलं आणि थेट जितेशकडे गेला. लाट आत आली तर निघणार कुठून, असं त्याने विचारलं. जितेश म्हणाला, "राहू दे. पँट सुकी आहे ना? काही झालं तर काकांनी केलंय."

राघोला यातलं काही माहीत नव्हतं. पहिली चार गिऱ्हाइकं कोरडी उतरली. राघोची छाती फुगली. त्याने निरोप धाडला, शालनला बोलवा, आणि डब्यालाही आणा, म्हणावं बघून घे. दोघं येऊन बांधावर बसली. राघोने त्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं की प्लास्टिकची असली म्हणून काय, कारागिराचा हात लागतो तो लागतोच.

तोवर ओहोटी लागली. खाली जाणारं पाणी आणि पुलाकडून येणारा वारा समोरासमोर भिडले आणि खाडी खवळली. सहाही कयाक पाण्यात होत्या. सगळ्यात पुढे भाईंदर पश्चिमेचे विपुलभाई आणि त्यांची बायको हंसाबेन. एक लाट आत आली, मग दुसरी. आलेलं पाणी बाहेर जाईना. मांड्यांपर्यंत चढलेलं ते पाणी एका अंगाला धावलं आणि कयाक उलटली. लाइफ जॅकेट होती म्हणून दोघं तरंगली. नीलेशने त्यांना काठाला ओढून आणलं, कयाकही सरळ करून आणली. हंसाबेन थरथरत होती, विपुलभाई गुजरातीतून जितेशची अब्रू काढत होते.

जितेशने सगळं ऐकून घेतलं. मग मागे वळून शांतपणे म्हणाला, "इसने छेद बंद किये, अंकल. बिना पूछे." आणि बोट राघोकडे.

सरळ केलेल्या कयाकमध्ये पाणी काठोकाठ होतं. नीलेश ती पुन्हा पालथी करायला वाकला, एका झटक्यात रिकामी झाली असती. जितेशने त्याला अडवलं. "पालथी नको. काका उपसतील."

चार मोबाइल वर झाले. दत्ताराम बांधावरून उठला. नळाखाली रंगाचा रिकामा डबा पडला होता, तो त्याने उचलला, खळबळून धुतला आणि राघोच्या हातात दिला. "मोजा, भावजी."

राघोने शालनकडे बघितलं. तिने पदर नीट केला.

"मोठ्यानं मोजा," ती म्हणाली.

राघोने डबा बुडवला. "एक," तो म्हणाला. खाडीतून बाकीच्या पाच कयाक पाण्याने जड होऊन सावकाश काठाकडे येत होत्या.