मधाशिवाय गुंगीचं औषध

आमच्या पाच वर्षांच्या लेकीचा हात ट्रॅक्टरवरून पडून मोडला, तेव्हा सांगलीत ऑपरेशन करून हाडात तार घातली होती. भुलीतून उठताना तिनं लाथा झाडल्या, सलाईनची सुई उपसली आणि माझ्याच मांडीवर बसून "माझ्या आईला बोलवा" म्हणून ओरडत राहिली. "अगं, मीच तुझी आई" म्हणाले, तर मला कडकडून चावली. ते माझ्या मनातून कधी गेलंच नाही.

आता तार काढायची होती. या वेळी उठल्यावर तिनं मला ओळखावं, एवढंच माझं मागणं होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधीच थोडं गुंगीचं औषध पाजू. मग उठताना बहुतेक इतकी बिथरणार नाही. कडू असतं, चमचाभर मधातून देते."

सासूबाई ताडकन उठल्या. "मध? आवं बाई, आमी जैन हाय. आमच्यात मध चालत न्हाई."

सगळं तिथंच अडलं. नवरा भिंतीवरचा हात धुण्याचा तक्ता वाचू लागला. आई आणि बायको यांच्यामध्ये सापडला की तो नेहमी काहीतरी वाचतो. शेवटी साखरेच्या पाण्यावर तडजोड झाली. "पाणी गाळलेलं हाय न्हवं?" सासूबाईंनी विचारलं. नर्सनं त्यांच्यासमोर गाळून दाखवलं.

औषध पोटात गेलं आणि थोड्या वेळात लेक भलतीच खुलली. तिनं पंख्याला टाटा केला. मग अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खोकला झाला तवा आजीनं मध खाल्ला! कपाटामागं बाटली हाय!"

सासूबाईंकडे बघवत नव्हतं. मी मात्र नीट बघून घेतलं.

"हिला ह्ये आठवंल का?" त्यांनी डॉक्टरीणबाईंना हळूच विचारलं.

"आत्ता काय बोलली, ते बहुतेक नाही आठवणार."

"देव पावला," म्हणत त्या खाली बसल्या.

ऑपरेशननंतर लेकीनं डोळे उघडले. चावेल म्हणून मी हात मागे घेतला. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"आई, कान इकडं कर."

मी वाकले.

"एक गंमत सांगू? कुणाला सांगायची न्हाई हां. आजीनं मध खाल्ला."

"काय म्हणती गं?" सासूबाई पलीकडून विचारत होत्या.

"भूक लागलीय म्हणते," मी म्हणाले, आणि ढसाढसा रडले.