माकडाने सांडलेलं पंचामृत

गिटार उघडायची नाही, हे मी घरात इतकं ठासून सांगितलं की सगळ्यांचे डोळे पाणावले. "आजीचा केवढा जीव होता हो दिरांवर!" होताच. पण खरं कारण ते नव्हतं.

माझे धाकटे दीर रेल्वेत होते. जन्मभर एकटे राहिले आणि कलकत्त्याहून आणलेली लाल इलेक्ट्रिक गिटार जन्मभर वाजवत राहिले. गेल्या वर्षी गेले. जाण्याआधी म्हणाले, "ही वहिनींची," आणि तशा अवस्थेतही फिसकन हसले. मला सा कुठला नि रे कुठला कळत नाही, मला कशाला गिटार? मी ती नातीला दिली. ती कॉलेजात वाजवते. तिची एकच तक्रार: वायर जोडली की गिटार घूंऽऽ करत बसते.

"आजी, तारांखालचा पिकअप बदलते ना. महिन्याभरात स्टेजवर जायचंय, सब हँसेंगे."

पिकअप म्हणजे तारांखालची चपटी डबी, आवाज धरणारी.

"नाही. तो भाऊजींचा आवाज आहे."

"आजी, तो पंख्याचा आवाज आहे!"

आता खरं कारण सांगते. लग्न होऊन वाईहून ब्रह्मा घाटावर आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची दीडशहाणी होते. काशीच्या लोकांना पूजा नीट येत नाही, ती आपण शिकवायची, असं माझं ठाम मत. सासरे वेदपाठशाळेत शिकवायचे, हे माहीत असूनही!

पहिली खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली हत्यारं-अवजारं पाटावर मांडून त्यांची पूजा करायची. सासूबाई म्हणाल्या, "गंध-फूल वाहा, बास," आणि शेजारी गेल्या. मी विळीला गंध लावलं, कात्रीला लावलं. मग दोन पाट जोडून त्यावर पहुडलेल्या लालबुंद गिटारबाईसाहेबांकडे पाहिलं. एवढ्या थोर देवतेला नुसतं फूल? वाईची लाज जाईल! मूठभर हळदकुंकू वाहिलं. मग दूध, दही, तूप, मध, साखर, पळी पळी करत सगळं घातलं. तोंडाने श्रीसूक्त, त्यातलं निम्मं चुकीचं. गंमत म्हणजे पाटावर फारसं काही ओघळलंच नाही. मला वाटलं, देवीने पिऊन घेतलं! आनंदाने अंगावर काटा आला हो माझ्या.

संध्याकाळी भाऊजींनी वायर जोडली. फट् झालं, मग घूंऽऽ सुरू झालं, आणि तारांखालच्या फटीतून मुंग्यांची वरात निघाली. सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं.

"माकड!" मी ओरडले. "खिडकीतून आलं, पंचामृताची वाटी उलथली आणि पळालं."

आमच्या मोहल्ल्यात माकडावर काहीही खपतं. भाऊजींनी मुंग्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "जबरदस्त माकड आहे," म्हणाले. "साखरसुद्धा विसरलं नाही."

पुढे दर खंडेनवमीला गिटार मेणकापडात गुंडाळूनच पाटावर यायची. "वहिनी, माकडावर लक्ष ठेवा हं." आणि मी शेजारणींना सांगत फिरायचे, आमचे भाऊजी भोळे सांब, काय सांगाल ते पटतं! त्यांनी गिटार वाजवायला घेतली की ते घूं मात्र माझ्या छातीत व्हायचं. पंचेचाळीस वर्षं. आणि आता ही पोरगी ती उघडायला निघाली होती.

तिने दोन दिवस अबोला धरला, माझ्या हातचं थालीपीठसुद्धा परत पाठवलं. मी हरले. पण बरोबर येईन म्हटलं. रामनगरच्या बाजारात लाउडस्पीकर दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे. तो झाकण उघडायला लागला की नातीला लस्सी आणायला पिटाळायचं, असा माझा बेत.

मिस्त्रीने पेचकस हातात घेतला. "जा गं, लस्सी आण," मी नातीला म्हटलं.

"पहिले देखने तो दो, आजी!"

वरची पांढरी पाटी निघाली. मी देवाचं नाव घेतलं.

"माताजी, इसको तो पहले भी किसी ने खोला है," मिस्त्री म्हणाला. "बड़ी सफ़ाई से."

आत सगळं लख्ख पुसलेलं होतं. आतली एकेक बारीक वायर हाताने नव्याने जोडलेली. फक्त लाकडाच्या कोपऱ्यांत पिवळाधमक रंग बसलेला. हळद कुठे जाते?

नातीने पिवळ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माकडाची गोष्ट तिला लहानपणापासून पाठ होती, भाऊजींनीच सांगितलेली.

"आजी, माकडाने हळदपण आणली होती?"

मला हसू फुटलं ते आवरेचना. दुकानातल्या स्टुलावर बसून, पदराचा बोळा तोंडात कोंबून मी हसत होते. भोळे सांब म्हणे! भोळी कोण होती?

"अन् ते घूं?" मी कशीबशी मिस्त्रीला विचारलं.

"वो तो जनम से है, माताजी. इस किस्म के सब करते हैं."

घ्या! ज्या पापाने पंचेचाळीस वर्षं कान धरला होता ते मी केलंच नव्हतं. पंचामृताआधी ती गिटार मी कधी कान देऊन ऐकलीच कुठे होती? आणि जे केलं होतं, ते त्या माणसाने एकट्याने बसून पुसून काढलं आणि वर माझ्या माकडाला पिढ्यान्पिढ्या जगवलं.

"बदल गं डबी," मी म्हटलं.

"आणि छोट्या आजोबांचा आवाज?"

"त्यांनी स्वतः हात घातलाच होता ना आत? आता तू घाल. ते पिवळं तेवढं पुसू नका म्हणावं."

मग दोघींनी दोन-दोन कुल्हड लस्सी प्यायली. नवी डबी बसवल्यापासून गिटार अजिबात घूं करत नाही. मला जरा चुकल्यासारखं होतं, पण पोरगी वाजवते झकास.

जुनी डबी माझ्याकडे आहे. यंदा खंडेनवमीला तिला तामणात ठेवून राजरोस पंचामृताने न्हाऊ घालणार, सगळ्यांसमोर, साखरेसकट. नातीने आत्ताच मेणकापड विकत आणून ठेवलंय, आणि आदल्या दिवसापासून आपल्या खोलीला कुलूप लावणार आहे. माकडाचा काही भरवसा नाही, म्हणते.