फायनलच्या आदल्या दिवशी

नेपाळला खेळायला गेलो त्याला आता चार वर्षं होतील. कोल्हापुरातल्या मुलींच्या एका फुटबॉल संघात मी लेफ्ट बॅक होते, डाव्या बाजूचा बचाव माझा. घर गडहिंग्लजला. वडील तिथल्या डेपोत एसटीचे ड्रायव्हर. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो.

पोखऱ्याला सेमीफायनल जिंकलो आणि मध्ये एक दिवस मोकळा मिळाला. सर, म्हणजे आमचे कोच, म्हणाले, "चला, तळं बघून येऊ." बसमध्ये त्यांनी मला शेजारी बसवलं. नाश्ता केलास का, असं दोनदा विचारलं. एरवी हा माणूस धावण्याशिवाय दुसरं काही विचारायचा नाही. उद्याच्या मॅचचं टेन्शन असेल, असं मला वाटलं.

तळ्यात आम्ही होडीतून फिरलो. मधल्या बेटावर देऊळ होतं, तिथं पाया पडलो. बर्फाचे डोंगर दिसतात म्हणे, पण ढग होते. काठावर परत आल्यावर एका चहाच्या दुकानात वायफाय मिळालं. लगेच सगळ्यांचे फोन बाहेर आले. मीही उघडला.

चुलतभावाच्या स्टेटसला आप्पांचा फोटो होता. हार, समई, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली लिहिलं होतं, रक्षाविसर्जन उद्या सकाळी आठ वाजता. फोटो बहिणीच्या लग्नातला होता, कापून घेतलेला. कडेला माझा खांदा दिसत होता.

मी तो खांदाच बघत बसले. चहा आला, तो प्याले. घरी फोन लावावा असं मला का वाटलं नाही, ते आजही सांगता येत नाही.

मग सगळ्या टेकडीवरचा पांढरा स्तूप बघायला चढल्या. मीही चढले. वर ग्रुप फोटो काढताना गोलकीपर म्हणाली, "हास की गं जरा!" मी हसले. तो फोटो माझ्याकडं आहे. त्यात माझ्या तोंडावर काहीच दिसत नाही.

उतरताना सर मागं राहिले होते. मी थांबले.

"सर, आप्पा गेले न्हवं?"

ते जागच्या जागी उभे राहिले. "कुणी सांगिटलं?"

"स्टेटस बघितलं."

ते पायरीवर बसले. "काल तुझ्या आईचा फोन आलता. म्हणाल्या, खेळून येऊ दे तिला, मग सांगा. चुकलंच माझं."

"कधी?"

"काल सकाळी. ड्युटीवर निघालेते. दारातच पडले."

"बरं," मी म्हणाले.

"आत्ता गाडी बघतो. मी येतो संगं."

बस, मग गोरखपूर, मग रेल्वे. घरी पोचायला दोन दिवस तर नक्कीच लागणार होते.

"न्हाय पोचायची," मी म्हणाले. "खेळते उद्या."

सर पायरीवरून उठले. आम्ही खाली उतरलो. बाजारात मुली शाली बघत होत्या. मीही आईसाठी एक शाल घेतली, रंग न बघता.

फायनल आम्ही हरलो. माझे पाय आपल्या सवयीनं पळत होते. दुसरा गोल माझ्याच बाजूनं झाला, आणि मैदानात कुणीही माझ्यावर ओरडलं नाही. तेव्हा कळलं, सरांनी सगळ्यांना सांगितलंय.

घरी पोचले तेव्हा दुपार होती. दारात भावकीतल्या बायकांनी गळ्यात पडून रडायला सुरुवात केली. त्यांच्या पाठीवरून हात फिरवत मीच त्यांना शांत केलं. आई आत भिंतीला टेकून बसली होती. बायका गेल्यावर ती म्हणाली, "तिकडं काय काय बघितलंस?"

मी तिला तळं सांगितलं, बेटावरचं देऊळ सांगितलं. ती नीट ऐकत होती, मध्येच "व्हय?" म्हणत होती.

"मला सांगिटलं का न्हाईस?"

"तू येऊन काय करणार हुतीस? तोंडबी बघायला मिळालं नसतं. म्हटलं, खेळू दे."

मला राग यायला हवा होता. आला नाही. भूक मात्र लागली होती. शेजारच्या काकूंनी भात आणि आमटी आणून ठेवली होती. आईनं ताट वाढलं. मी जेवले, आणखी भात मागून घेतला, आणि तिथंच आडवी होऊन झोपले.