पिक्चरसाठी काढलेली मिशी

माझ्या वडिलांनी, त्यांचे वडील धडधाकट असताना, मिशी काढली. ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. कोल्हापूरबाहेरची माणसं ऐकून घेतात आणि विचारतात, "मग?" कोल्हापूरची माणसं काही विचारत नाहीत, नुसती माझ्याकडं बघत राहतात. आमच्याकडं माणूस डोकं आणि मिशी उतरवतो ते आईबाप गेल्यावर. एरवी न्हावीसुद्धा मिशीला विचारून हात लावतो.

पप्पा हायस्कूलला इतिहास शिकवायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी सहावीत होते. दिवाळीच्या सुट्टीत पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका माळावर हिंदी पिक्चरचं शूटिंग आलं. आम्हाला शूटिंगचं अप्रूप नाही. गल्लीत दोन घरं सोडून एक तरी माणूस कुठल्यातरी पिक्चरमध्ये मावळा होऊन धावलेला असतोच. पण हा पिक्चर वेगळा होता. त्यात मगधाचा राजा कलिंगावर चालून जातो, लढाई जिंकतो, पडलेली माणसं बघतो आणि तलवार ठेवून बुद्धाला शरण जातो. पप्पा हा धडा दरवर्षी शिकवायचे, त्यामुळं मास्तर असूनही ते सैनिक व्हायला गेले. निदान मी तेव्हा तसं समजून घेतलं.

पहिल्या दिवशी मी बघायला गेले होते. दोन्हीकडं सैन्य उभं राहिलं, उघड्या अंगावर पत्र्याची चिलखतं आणि हातात लाकडी तलवारी. भोंग्यातून हुकूम सुटला आणि मगधाचं सैन्य जे निघालं ते "हर हर महादेव" करतच. कहर म्हणजे समोरून कलिंगही तेच ओरडत आला. मुंबईचा दिग्दर्शक खुर्चीतून उठून उभा राहिला. त्याच्या मदतनीसानं भोंग्यातून सांगितलं, महादेव नको, नुसतं "आ" करून पळा. माझ्या शेजारी उभा असलेला एक घोडेवाला म्हणाला, "नुस्तं आ करून कुणाच्या अंगात येतंय व्हय?" तीन वेळा सांगून झालं, तीनही वेळा महादेव आलाच. शेवटी त्यांनी आवाज नंतर भरायचं ठरवलं.

पप्पा सकाळी कलिंगाकडून मेले आणि जेवणानंतर माणसं कमी पडली म्हणून मगधाकडून लढले. घरी येताना मी विचारलं, "आपण जिंकलो का हरलो?" ते म्हणाले, "दोन्ही." मला वाटलं चेष्टा करतात. पण ते हसत नव्हते.

तिसऱ्या दिवशी भिक्षू हवे होते. डोकं आणि मिशी दोन्ही साफ करायला कोण तयार आहे, असं विचारल्यावर दोन दिवस उन्हात प्रेत होऊन पडलेली माणसं एकदम मागं सरली. जीव द्यायला सगळे तयार होते, मिशी द्यायला कुणी नव्हतं. पहिला हात पप्पांनी वर केला. त्यांच्या मागून मग मिसरूडही धड न फुटलेली कॉलेजची काही पोरं पुढं झाली.

चौथ्या दिवशी सकाळी माळावरच वस्तरा फिरला, आणि संध्याकाळी पप्पा घरी आले तेव्हा आई दारात भांडी घासत होती. तिनं वर बघितलं. हातातली कढई तिनं खाली ठेवली आणि विचारलं, "आबांना काय झालं?"

आबा म्हणजे माझे आजोबा. ते जयसिंगपूरला राहायचे, तालमीतलं शरीर होतं आणि स्वतःची मिशी रोज सकाळी कंगव्यानं विंचरायचे. त्यांना काहीच झालं नव्हतं. पण पप्पा उत्तर द्यायच्या ऐवजी बावळटासारखं हसले. दुःखानं माणूस असं हसतो असं आईला वाटलं आणि तिनं गळा काढला. "अगं, पिक्चर..." एवढं पप्पा म्हणेपर्यंत शेजारच्या काकू बाहेर आल्या होत्या. अर्ध्या तासात पिठलं-भाकरी आली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारी जेवण देतात, त्यातली. पिक्चरचं कळल्यावर आईनं दहा वेळा समजावून सांगितलं, पण काकू म्हणाल्या, "खावा, खावा. दुःखात मानूस कायबी बोलतंय." आम्ही ते पिठलं खाल्लं. चांगलं झालं होतं.

काकूंच्या माहेरचं कुणीतरी जयसिंगपूरकडं होतं. तिथं फोन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा-सात पाहुणे एसटीतून उतरून आबांच्या दारात गेले, तर आबा कट्ट्यावर पेपर वाचत बसलेले.

"काय पावणं, सकाळ-सकाळी?" आबांनी विचारलं.

"मयताला आलतो," त्यातला एक बोलून गेला.

"कुणाच्या?"

पाहुण्यानं आबांकडंच बोट दाखवलं. आबांनी घरात सगळ्यांसाठी चहा टाकायला सांगितला, स्वतःच्या मयताला आलेल्या माणसांना स्वतः कपबशा दिल्या आणि पोट धरून हसले म्हणे. मग कुणीतरी मिशीचं सांगितलं. त्यानंतर ते हसले नाहीत.

आठवड्यानं पोस्टकार्ड आलं. "माझं झालं समजून तू उतरवलीस. आता दारात पाय ठेवू नको. माझ्या वेळेलाही येऊ नको. अग्नी पुतण्या देईल." पप्पांनी ते उभ्यानं वाचलं आणि शाळेला निघून गेले. आई मात्र दिवसभर ते कार्ड घेऊन फिरत होती. एकुलत्या एका मुलानं बापाला अग्नी द्यायचा नाही, याहून मोठी शिक्षा आमच्या घरात कुणाला माहीत नव्हती.

उपाय सोपा होता. मिशी वाढवायची, जयसिंगपूरला जायचं, पायावर डोकं ठेवायचं. आई रोज सांगायची. पप्पा "वाढवतो" म्हणायचे आणि सकाळी आरशापुढं उभे राहून तेवढीच जागा तासायचे. डोक्यावर केस आले, मिशी काही आली नाही. का, ते मी त्यांना कितीदा तरी विचारलं. एकदा म्हणाले, उकाडा होतो. एकदा म्हणाले, कुणीच हात वर करत नव्हतं, बरं दिसेना. एकदा कधी नव्हे ते नीट उत्तर दिलं. म्हणाले, "इतकी वर्षं पोरांना सांगतोय, राजानं जिंकून सोडून दिलं. मी आयुष्यात काय सोडलं? म्हटलं, बघू तरी." मी म्हटलं, मग बघितलंत की, आता वाढवा. त्यावर ते वहीत डोकं घालून बसले. मला राग यायचा. बाप मोठा की राजा, आणि राजा तरी कुठला, तर दोन हजार वर्षांपूर्वीचा.

गल्लीत वेगळीच चर्चा सुरू झाली होती. "मास्तर, बौद्ध झालासा काय?" असं लोक विचारायचे, आणि विचारताना आवाज थोडा खाली आणायचे, आजाराची चौकशी करतात तसा. तो आवाज का खाली येतो हे मला तेव्हा कळत नव्हतं. पप्पा म्हणायचे, "झालो असतो तर तुमची काय अडचण होती?" मग लोक जायचे.

शाळेतले गणिताचे सर स्वतः बौद्ध होते. ते एका रविवारी घरी आले. चहा झाला. ते पप्पांच्या तोंडाकडं बघत शांतपणे म्हणाले, "सर, तुमचं हे पिक्चरपुरतं. माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा डोकं बिकं भादरलं नव्हतं त्यांनी. पण गाव सोडावं लागलं." सर गेल्यावर पप्पांनी दोन्ही कपबशा स्वतः विसळल्या. मला वाटलं, आता तरी वाढवतील. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वस्तरा. सरांना काय कळलं, पप्पांना काय कळलं आणि मला काय कळायला हवं होतं, याचा मेळ मला आजही लागत नाही.

पिक्चर आला तेव्हा मी कॉलेजला होते. मध्ये बरीच वर्षं तो कुठं अडकला होता कुणास ठाऊक. कोल्हापुरात एकाच थिएटरला लागला. पप्पा आले नाहीत. म्हणाले, "मला शेवट माहीत आहे." मी आणि आई गेलो. लढाईला शिट्ट्या पडल्या, कुणीतरी टोपी उडवली. आवाज भरताना त्यांनी महादेव काढून टाकला होता, तर पब्लिकनं तो आपणहून घातला. पप्पा कुठल्या सैन्यात आहेत हे दोघींनाही दिसलं नाही. मग राजानं तलवार ठेवली आणि लोक उठून दाराकडं चालू लागले. मारामारी संपली म्हणजे पिक्चर संपला, असा आमचा हिशेब. भिक्षूंच्या रांगा नदीकडं चालत गेल्या त्या सगळ्या उठलेल्या पाठींच्या मागं. आई म्हणाली, "दिसले का गं?" मी म्हटलं, "पाठच दिसली." तीही कुणाची ते माहीत नव्हतं.

पुढच्या महिन्यात पिक्चर जयसिंगपूरला गेला. पप्पांना बंदी होती, मला नव्हती, त्यामुळं मी अधूनमधून आबांकडं जायचे. त्या रविवारी मी डबा घेऊन गेले तर आबा कपडे करून बसलेले. "चल, पिक्चरला," म्हणाले. मला वाटलं, म्हाताऱ्याला कुणी सांगितलंच नाही का हा कुठला पिक्चर आहे. तिकीट फाडणारा माणूस म्हणाला, "आबा, तिसऱ्यांदा?"

आबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. लढाई चालू असताना ते खुशाल डुलक्या काढत होते. राजा रडायला लागला तसे ताठ बसले. भिक्षू चालायला लागले आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"तिसरी रांग. डावीकडनं दुसरा. खांदा बघ. उजवा खाली हाय. लहानपणी बैलगाडीतनं पडलंतं."

मी बघितलं. खरंच, एक खांदा खाली होता. सगळ्या टकल्यांची पाठ सारखी, आणि आबांनी त्यातून आपला मुलगा काढला होता. मला रडू आलं. आबा पडद्याकडं बघतच म्हणाले, "त्येला ये म्हणावं."

मी तशीच कोल्हापूरला आले आणि पप्पांना सगळं सांगितलं. रांग, खांदा, बैलगाडी. ते खूश होतील म्हणून मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. ते म्हणाले, "त्या रांगेत मी नव्हतो."

"म्हणजे?"

"कुठल्याच रांगेत नव्हतो. भिक्षूंची चीवरं कमी पडली. आम्हा चार-पाच जणांना दिवसभर गाडीत बसवून ठेवलं आणि संध्याकाळी सोडून दिलं."

इतक्या वर्षांत हे त्यांनी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. पिक्चरसाठी मिशी काढली, बाप तोडला, आणि पिक्चरमध्ये ते नव्हतेच. आईनं कपाळाला हात लावला. मी म्हटलं, आता जयसिंगपूरला जाऊन हे सांगणार का? पप्पा म्हणाले, "खरं ते सांगायला नको?" आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारलेला माणूस. मला भीती वाटली की हा खरंच सांगेल आणि उरलंसुरलं घालवेल.

आम्ही तिघं गेलो. आबा खाटेवर बसले होते. पप्पा उंबऱ्याच्या आत येऊन उभे राहिले, ओठ तसाच कोरा. आबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तिसऱ्या रांगेत. तूच न्हवं त्यो?"

मी आईचा हात धरला. पप्पा खाली बघत होते. मग म्हणाले, "व्हय आबा. मीच."

"बेस चाललास," आबा म्हणाले, आणि खाटेवर थोडे सरकले. पप्पा शेजारी बसले. दोघांनी मग पावसाचं आणि उसाचं काय काय बोलून घेतलं. मिशीचं नाव कुणी काढलं नाही. थोड्या वेळानं आबा म्हणाले, "माझं हुईल तवा निरोप यील. लगेच निघायचं." पप्पांनी मान हलवली आणि पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले. आतून त्यांच्या रडण्याचा आवाज आला, मग आई गेली.

खाटेपाशी मी एकटी राहिले. आबा दाराकडं बघत हळू आवाजात म्हणाले, "त्यो न्हवताच त्यात."

मी म्हटलं, "कशावरून?"

"मास्तर झाल्यापासनं 'हो' म्हणतंय. मी कितीबी 'व्हय' म्हणू दे, ह्यो 'हो'च. आज पैल्यांदा 'व्हय' म्हणला. बापाचं मन राखाय आला, एवढं कळंना व्हय मला?"

"मग आबा," मी विचारलं, "तो खांदा पडलेला कोण?"

"असंल की," आबा म्हणाले, "कुणाचातरी ल्योक."