अरबाबांच्या उजवीकडची खुर्ची

“सान, तुमचं मत?” अरबाबांनी विचारलं आणि माझं चाळीस मिनिटांचं प्रेझेंटेशन तिथेच विझलं.

अरबाब म्हणजे आमचे मालक. यूएईतल्या खोर फक्कान बंदरात त्यांची शिपिंग एजन्सी आहे. येणाऱ्या जहाजाला बर्थ, म्हणजे धक्क्यावर जागा, मिळवून द्यायची हे आमचं काम. मी तिथे एकोणीस वर्षं ऑपरेशन्स मॅनेजर होतो. ओगावा सान ॲडव्हायझर; जपानीत सान म्हणजे साहेब. वय शहाऐंशी, जपानच्या जुन्या सरदार घराण्यातले. त्यांचे आजोबा म्हणे थेट सम्राटाला सल्ला द्यायचे. नातू आमच्या अरबाबांना द्यायचा. अरबाबांच्या वडिलांनी, थोरल्या अरबाबांनीच, त्यांना आणलं होतं.

मजलिसमध्ये, अरबाबांच्या बैठकीच्या दालनात, उजवीकडची खुर्ची त्यांची. गाहवाचा, म्हणजे अरबी कॉफीचा, पहिला कप त्यांचा. मीटिंगभर ते गप्प बसायचे. शेवटी अरबाब मान वळवणार, सान दोन वाक्यं बोलणार, खलास, तोच निर्णय. राबायचं मात्र मी. माझा नुसता जळफळाट व्हायचा. घरी कुरकुरलो की बायको हसायची. “घरात सवत आणल्यासारखं काय करता?”

मग जनरल मॅनेजरची जागा रिकामी झाली. नाव ओगावा सानच सुचवणार, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्याशी ते कधी गुड मॉर्निंगपलीकडे बोलले नव्हते. माझी आशाच संपली. कॉस्ट कटिंगच्या नावाखाली मी मेमो लिहिला की ॲडव्हायझर या पदाची आता गरज नाही, आणि अरबाबांच्या टेबलावर ठेवला.

रागाच्या भरात एक गोष्ट विसरलो. कुठलाही मेमो आला की अरबाब तो आधी सानकडे मतासाठी पाठवत.

दोन दिवसांनी कागद परत आला. खाली बारीक अक्षरात शेरा होता: मुद्दा योग्य आहे, मंजूर करावा. महिनाअखेरीस ते नोकरी सोडून गेले. जाताना माझ्यापुढे कमरेतून वाकले. मला तेही सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी अरबाबांनी बोलावलं.

“मुकादम, जीएम के लिए सान ने इस मेमो से पहले ही नाम दिया था. तुम्हारा. बोले, छह महीना साथ बिठाके सिखाऊँगा.” त्यांनी माझा मेमो पुढे सरकवला. “अब खुद सीखो.”

कोणाला काढायचा मेमो लिहायचाच असेल, तर तो आधी कोणाच्या हातात पडतो तेवढं बघून घ्यावं.

मी जीएम होऊन तीन वर्षं झाली. उजवीकडच्या खुर्चीवर अरबाब कोणाला बसू देत नाहीत. माझं बोलून झालं की ते सवयीने तिकडे मान वळवतात, थोडं थांबतात, मग माझ्याकडे बघतात. मी आजही जळतो.