पुरळ नसलेली खाज

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पहिल्या बाळंतपणासाठी मी शेळगावहून कळंबला माहेरी आले. आठवा महिना सरत आला आणि तळहात, तळपाय खाजायला लागले. आईनं ‘पित्त उठलंय’ म्हणत आमसूल भिजवून चोळलं. पण अंगावर काही उठलेलंच नव्हतं. खाज कातडीच्या आतून यायची. धुण्याच्या दगडावर तळवे घासून घासून मी रक्त काढलं. लघवी गर्द पिवळी होत होती, ते लाजेनं कुणाला सांगितलं नाही.

शेवटी आईनं एसटीनं बारामतीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांची पापणी ओढून पाहिली, रक्त घेतलं आणि आजच दाखल व्हायला सांगितलं. बाळावर लक्ष ठेवावं लागेल, म्हणाल्या. मला दवाखान्याची धास्ती होती. दोन दिवसांनी येते, असं मीच म्हणाले. लावायला दिलेल्या औषधानं थोडं बरं वाटलं, तेव्हा आपण योग्यच केलं असंही वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाकरी खाताना ध्यानात आलं, सकाळपासून पोटात काही हललंच नाही. आई म्हणाली, “झोपलं आसंल.” पण हातातला तुकडा तसाच ठेवून ती उठली आणि लुगडं बदलायला गेली.

बारामतीला डॉक्टरीणबाई पोटावर नळी ठेवून कितीतरी वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी आईला बाहेर बोलावलं. मला कळलं.

कळा औषध देऊन आणाव्या लागल्या. मुलगा होता. नखंसुद्धा पुरती आलेली. नवऱ्यानं त्याला कापडात गुंडाळून नेलं. कुठं पुरलं ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी समजावलं. यकृतात तयार होणारं पित्त आतड्यात उतरायला हवं. काही बायकांचं गरोदरपणी ते यकृतातच तुंबतं. त्यातली आम्लं रक्तात मिसळतात, म्हणून खाज सुटते. बाळंत झाल्यावर आई बरी होते, पण पोटातल्या बाळाला ती आम्लं सोसत नाहीत.

“त्या दिवशीच ऱ्हायले असते तर?” मी विचारलं.

त्या म्हणाल्या, “सांगता येत नाही. कदाचित.”

तो ‘कदाचित’ मी शेळगावला घेऊन आले. खाज आठ दिवसांत गेली. तळहात स्वच्छ झाले, त्याचाच राग यायचा.

दोन वर्षांनी पुन्हा दिवस गेले आणि आठव्यात पुन्हा तळवे खाजले. त्याच दिवशी पिशवी भरून मी बारामती गाठली. डॉक्टरीणबाईंनी दिवस भरायची वाट न पाहता बाळंत केलं. मुलगी झाली, बारीक, पण रडणारी.

बारशाला आलेल्या बायका विचारायच्या, पहिलीच का? सासूबाई म्हणायच्या, “व्हय, पयलीच.” मी मान खाली घालून मुलीला पाजत राहायचे.