उंबऱ्याबाहेरची मराठी
विड्याच्या पानांचा ओला, तिखट वास आला की मला अप्पांचा तो आठवडा आठवतो. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, हा कुंभकोणमच्या आम्हा जुन्या मराठी घरांचा नेम अप्पांनी जन्मभर मोडला नव्हता. त्या आठवड्यात मात्र ते माझ्याशी, पोटच्या मुलीशी, तमिळ बोलू लागले, तेही परक्या बाईशी बोलावं तसं. मी गोंधळले, चिडले, शेवटी ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं. मग कोपऱ्यावरच्या पानवालीने मला थांबवलं. “अम्मा, तुमचे अप्पा काल माझ्याशी तुमच्या घरच्या भाषेत बोलले. नवी गोळी चालू केलीत का? माझ्या सासूचं असंच झालं होतं.” केलीच होती, अंगाला खाज सुटते म्हणून. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी ती बंद केली, आणि चार दिवसांनी अप्पा ‘पानं शिळी दिलीस’ म्हणून तिच्याशी तमिळमध्ये चांगलं भांडून आले. एका घरात राहून मला जे कळलं नाही, ते तिला पानं देता देता कळलं, हे मी अजून विसरले नाही. आता माझ्याही गोळ्या वाढल्यात, आणि त्या कोपऱ्यावर मोबाइलचं दुकान आहे.